मुक्काम पोस्ट

आपल्याकडे गावाकडचा पत्ता 'मु. पो.' पासून सुरू होतो. मुक्काम पोस्ट माले, तालुका मुळशी, जिल्हा पुणे. माझ्या आयुष्यातली पाच वर्षं माझ्या नावाची पत्रं याच पत्त्यावर येत असत. 'मुक्काम' हा शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. माणूस कुठे जन्मला हे या शब्दाला विचारायचं नसतं. तो आज कुठे थांबला आहे, एवढंच सांगायचं असतं.

हे सगळं आठवायचं कारण मालेमधलीच एक पावसाळी दुपार. पौड सोडून ताम्हिणीच्या रस्त्याला लागलं, की धरणाच्या अलीकडे हे गाव लागतं. तिथे माझे एक जुने स्नेही राहतात. शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, मीही म्हणतो. त्यांची नात हिंजवडीला नोकरी करते. कंपनीच्या कामासाठी तिला ग्लासगोला जायचं होतं आणि काम संपल्यावर चार दिवस एडिंबरा पाहायचं होतं. मी एकदा त्या शहरात आठ दिवस राहिलोय, हे तिला ठाऊक होतं. ओटीवर मोबाईल घेऊन ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, ''काका, यातलं कुठलं घेऊ? एका खोलीतून किल्ला दिसतो, एक स्टेशनजवळ आहे आणि एक स्वस्त आहे.''

गुरुजी झोपाळ्यावर बसून ऐकत होते. त्यांनी मध्येच विचारलं, ''रात्री उशिरा पोचलीस तर दार कोण उघडणार?''

नात हसली. ''आजोबा, आता दाराला आकड्यांचं कुलूप असतं. आकडे फोनवर येतात. दार उघडायला कुणी लागत नाही.''

गुरुजी काही बोलले नाहीत. पण मंडळी, तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. परक्या शहरात उतरायचं कुठे, हा प्रश्न आज आपण भाडं, अंतर आणि खिडकीतला देखावा यांवर सोडवतो. आपल्या आधी तिकडे गेलेल्या मराठी माणसांना तो असा सोडवता येत नव्हता. त्यांच्यासाठी तो प्रश्न गुरुजींचाच होता. दार कोण उघडणार?

आधी तिच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. एडिंबरा म्हणजे शेजारी शेजारी वसलेली दोन शहरं. एक जुनं. किल्ल्याच्या खडकापासून होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा एक दगडी रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना उंचच उंच दगडी इमारती आणि त्यांच्यामधून खाली सुटणारे अरुंद बोळ. दुसरं नवं. जेम्स क्रेग नावाच्या तरुण वास्तुकाराने १७६७ मध्ये त्याचा आराखडा केला. सरळ रस्ते, चौक, बागा. 'नवं' म्हणायचं, पण तेही अडीचशे वर्षांचं. या दोन्ही शहरांना १९९५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मधल्या खोलगट भागात रेल्वे स्टेशन. म्हणजे गाडीतून उतरलं, की कुठेही जायला चढणच. जुन्या भागात राहायचं तर जड बॅग घेऊन चक्राकार दगडी जिने चढायची तयारी हवी. ऑगस्टमध्ये तिथे नाट्य-संगीताचा मोठा महोत्सव असतो. १९४७ पासून तो भरतो आहे. त्या महिन्यात खोल्यांचे भाव चढतात आणि मध्यरात्रीपर्यंत रस्त्यावर जत्रा असते. झोप हवी असेल तर नव्या भागात उतरावं, किंवा दक्षिणेला विद्यापीठाच्या पलीकडे, जिथे विद्यार्थी आणि साधी कुटुंबं राहतात.

आपल्याला हे समजायला कठीण नाही. पेठेत राहायचं की कॅम्पात, असाच हा मामला. पुण्याच्या वाड्यांमधून सधन माणसं जशी मोकळ्या बंगल्यांकडे निघून गेली, तशीच एडिंबऱ्यातही श्रीमंत मंडळी नव्या शहरात गेली आणि जुन्या इमारतींच्या एकेका खोलीत गरिबांचा संसार दाटला. आज प्रवासी कौतुकाने ज्या बोळांचे फोटो काढतात, ते बोळ शे-दीडशे वर्षांपूर्वी दारिद्र्यासाठी प्रसिद्ध होते.

याच शहरात १९०४ मध्ये पारनेरचा एक तरुण जाऊन पोचला. पांडुरंग महादेव बापट. जन्म १२ नोव्हेंबर १८८०, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. शिष्यवृत्ती मिळवून तो इंजिनिअरिंग शिकायला एडिंबऱ्याच्या हेरियट-वॉट कॉलेजात दाखल झाला. हाच तरुण पुढे या मुळशीच्या मातीत 'सेनापती' झाला. हेरियट-वॉट तेव्हा जुन्या शहरातल्या चेंबर्स स्ट्रीटवर होतं. पुढे ते विद्यापीठ झालं आणि गावाबाहेर गेलं. मी ती इमारत मुद्दाम पाहून आलो. आता तिथे स्कॉटलंडच्या सरकारी वकिलांचं मुख्य कार्यालय आहे. समोर भव्य वस्तुसंग्रहालय. तिथून पाच-सात मिनिटांवर एक मशीद आहे, १९९८ मध्ये उघडलेली. तिच्या नावाने चालणाऱ्या खानावळीत वरणभाताच्या जवळपास जाणारं जेवण मिळतं आणि तिथे सगळ्या धर्मांची विद्यार्थी मंडळी जेवतात. बापटांच्या वेळी यातलं काही नव्हतं. मात्र हिंदी विद्यार्थ्यांची एक संस्था त्या शहरात १८८३ पासून होती. परमुलखात माणसं एकमेकांना धरून राहतात, ती काही उगीच नाही. १९२७ मध्ये याच शहरातल्या काही उपाहारगृहांनी आणि नृत्यगृहांनी काळ्या-सावळ्या माणसांना दार बंद केलं, तेव्हा त्याविरुद्ध आवाज उठवायला हीच संस्था उभी राहिली.

बापटांनी तिथे इंग्रजी राजवटीवर कडक टीका करणारं भाषण केलं आणि त्यांची शिष्यवृत्ती गेली. खिशात पैसे नाहीत, शिक्षण अर्धवट, परका देश. अशा वेळी उतरायचं कुठे?

त्याचं उत्तर लंडनमध्ये तयार होतं. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी हायगेट भागात, ६५ क्रॉमवेल ॲव्हेन्यू इथे, 'इंडिया हाऊस' नावाचं वसतिगृह काढलं होतं. १ जुलै १९०५ रोजी ते सुरू झालं. पंचवीसेक विद्यार्थ्यांची सोय होती. आज आपल्याला ते क्रांतिकारकांचं केंद्र म्हणून माहीत आहे आणि ते खरंच आहे. पण ते निघालं त्यामागचं एक कारण अगदी घरगुती होतं. हिंदी विद्यार्थ्याला लंडनमध्ये खोली मिळणं अवघड जाई. रंग पाहून घरमालक नकार देत. ज्या दारांवर 'जागा नाही' असं ऐकावं लागे, त्यांना दिलेलं हे उत्तर होतं. १९०६ मध्ये सावरकर तिथे आले, बापटही आले. रात्रीच्या जेवणानंतर चर्चा होत. कुठल्या गावाचा, कुठल्या भाषेचा हा भेद त्या जेवणाच्या खोलीत उरत नसे.

इथूनच बापट पॅरिसला गेले. तिथे एका रशियन क्रांतिकारकाकडून बाँब बनवण्याचं तंत्र शिकायचं होतं. सोबत होते बंगालचे हेमचंद्र दास आणि मिर्झा अब्बास. हे तिसरं नाव आपल्या तोंडी फारसं येत नाही, म्हणून मुद्दाम घेतो. १९०८ मध्ये बापट त्या तंत्राची पुस्तिका घेऊन मायदेशी परतले. इकडे १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. त्यानंतर पोलिसांचा फास आवळला आणि इंडिया हाऊस बंद पडलं. सुमारे चार वर्षांचं आयुष्य. पण विचार करा, बापटांना हायगेटऐवजी दुसरीकडे कुठे स्वस्तात खोली मिळाली असती, तर ते कदाचित इंजिनिअर होऊन परतले असते. आपण मुक्काम निवडतो असं आपल्याला वाटतं. पण पुष्कळदा तो मुक्कामच आपले सोबती निवडतो आणि पुढची वाटही ठरवतो.

त्याच लंडनमध्ये १९२१-२२ मध्ये आणखी एक मराठी विद्यार्थी राहत होता. १० किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन, रात्री खोलीवर पुन्हा वाचन आणि पोटाला जेमतेम. ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. लंडनला जाणारा मराठी माणूस आज हटकून तिथे जातो. पण त्या घरापुढे उभं राहताना बडोद्याचीही आठवण ठेवावी, असं मला वाटतं. १९१७ मध्ये अमेरिका आणि लंडनमध्ये शिकून आलेले आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसं आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितलं. ओळखीच्या दोन घरांतूनही आसरा मिळाला नाही. एक मित्र हिंदू, एक ख्रिस्ती. मग रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत तो विद्वान माणूस एका बागेत बसून राहिला. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आणि आम्ही मुसलमानांनीही मान वर करण्याचं कारण नाही. १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्यावरून त्यांना अडवणारे आमचेच लोक होते, हेही त्याच लेखनात आहे. परक्या शहरात पैसे मोजून खोली मिळाली, आपल्या देशात पैसे हातात असून मिळाली नाही.

आता माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो. आम्ही मूळचे कोकणातले, कुंडलिकेच्या काठचे. माझ्या आजोबांचे एक चुलत भाऊ बोटीवर खलाशी होते. आमच्या बाजूची मुसलमानांची पुष्कळ घरं या खलाशांच्या पगारावर उभी राहिली. ही माणसं लंडनला जात, पण ते शहर पाहायला नव्हे. बोटीवरून उतरलं, की परतीची बोट मिळेपर्यंत हाल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडनच्या थंडीत हिंदी खलाशी रस्त्यावर मरून पडत. त्याची ओरड झाली, तेव्हा १८५७ मध्ये गोदीजवळ लाइमहाउस भागात आशिया-आफ्रिकेच्या दर्यावर्दींसाठी एक निवारा उघडला गेला. साहेबांची मुलं सांभाळत बोटीने आलेल्या आयांचीही हीच गत. विलायतेत पोचल्यावर काही जणींना तिथेच सोडून दिलं जाई. त्यांच्यासाठी लंडनमध्ये 'आयांचं घर' होतं. १९०० पासून ते हॅकनी भागात होतं. २०२२ मध्ये त्या जागेवर निळी पाटी लागली. लोकमान्य १९१८-१९ मध्ये जिथे राहिले, त्या हाउली प्लेसच्या घरावर पाटी आहे. इंडिया हाऊसवर आहे, किंग हेन्रीज रोडवर आहे. आयांच्या घराला मात्र एकविसाव्या शतकापर्यंत थांबावं लागलं. नात एडिंबऱ्याहून लंडनला गेलीच, तर तिने या चार पाट्यांपुढे जाऊन उभं राहावं, असं मी तिला सांगितलं. एका शहरातले हे चार मुक्काम पाहिले, की आपल्या शंभर वर्षांचा इतिहास कळतो.

मी स्वतः मालेचा कसा झालो, तेही सांगायला हवं. नव्वदच्या दशकात बी.ए. होऊन मला या तालुक्यात कारकुनाची नोकरी लागली. खोली शोधू लागलो. माझी मराठी ऐकून घरमालक खूश होत. कविता लिहितो म्हटल्यावर चहा येई. एका घरी तर भाडं ठरलं, किल्ली हातात आली आणि मग पावतीसाठी त्यांनी नाव विचारलं. नाव ऐकल्यावर ते गृहस्थ जरा थांबले आणि म्हणाले, ''घरात विचारून कळवतो.'' मी किल्ली टेबलावर ठेवली. असं तीन-चार ठिकाणी झालं. रागावलो नाही असं म्हणणं खोटं होईल. पण रागापेक्षा जास्त लाज वाटली आणि ती का वाटावी, हे मला अजून कळलेलं नाही.

एका एसटीच्या प्रवासात गुरुजींची ओळख झाली. हकिकत ऐकून ते एवढंच म्हणाले, ''मालेला या. मागची खोली रिकामी आहे. भाड्याचं नंतर बघू.'' मी रात्री उशिरा पोचलो. पाऊस लागलेला, वीज गेलेली. कंदील घेऊन दार उघडलं ते गुरुजींच्या आईने. त्यांनी नाव विचारलं नाही. जेवलास का, एवढंच विचारलं.

या आजींचं माहेर धरणाखाली गेलेलं. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाशी टाटा कंपनीने मुंबईच्या विजेसाठी धरण बांधायला घेतलं, तेव्हा पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे सत्याग्रहाला बसले. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव यांच्याबरोबर या लढ्यात उतरले ते एडिंबरा, लंडन, पॅरिस पाहून आलेले बापट. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावरच्या आपल्या ग्रंथात त्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं आहे. इथेच लोकांनी बापटांना 'सेनापती' ही पदवी दिली. १९२४ च्या अखेरीस त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली. त्याबद्दल सात वर्षांची सजा झाली. धरण मात्र झालंच. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. इथून डोंगरापलीकडे सोडलेलं ते पाणी वीज देऊन कुंडलिकेला मिळतं, म्हणजे माझ्या गावाच्या नदीला. आजी उन्हाळ्यात पाणी ओसरलं, की तलावाकडे बोट करून सांगायच्या, ''तिथं आमचं खळं होतं.'' मी त्या बोटाच्या दिशेने बघायचो. मला नुसता चिखल दिसायचा.

एडिंबऱ्यात किल्ल्याखालची बाग पाहताना मला त्या बोटाची आठवण झाली. तिथे पूर्वी तलाव होता. नवं शहर वसवताना तो उपसून काढला आणि पुढे तिथे बाग झाली. तिकडे माणसांच्या सोयीसाठी तलाव हलवला, इकडे तलावासाठी माणसं हलवली. ज्यांची घरं अशी गेली, त्यांच्याच एका घरात मला जागा मिळाली. पाच वर्षं मी तिथे राहिलो, पहिल्या कविता तिथे लिहिल्या. घर गमावलेल्या माणसाला दाराची किंमत जास्त कळत असावी.

म्हणून नातीला मी शेवटी जे सांगितलं, ते आपल्यालाही सांगतो. किल्ला दिसणाऱ्या खोलीचा मोह समजू शकतो, पण किल्ला रस्त्यावरूनही दिसतो आणि फुकट दिसतो. आणखी एक गोष्ट बघ. एडिंबऱ्यात राहत्या घरांचं रूपांतर प्रवाशांच्या खोल्यांत इतकं होत गेलं, की तिथल्या माणसांनाच घर मिळेनासं झालं. २०२२ मध्ये अशा भाड्याच्या घरांसाठी सबंध शहरावर निर्बंध घालावे लागले. २०२३ मध्ये तिथल्या महापालिकेने घरांच्या बाबतीत आणीबाणी जाहीर केली. आकड्यांचं कुलूप असलेल्या त्या दारामागे कदाचित पूर्वी एखादं कुटुंब राहत असेल. हे आपण मुळशीतल्यांनी तरी ओळखायला हवं. आपल्या तलावाच्या काठीही आता शहरवाल्यांचे बंगले आणि रिसॉर्ट आहेत, आणि पाणी दिसणारी जागा मूळच्या माणसाला परवडत नाही. तेव्हा अशा घरात उतर, जिथे घरमालक स्वतः राहतो. त्याच्याशी बोल. शहर त्याच्याकडून कळेल.

तिने सगळं ऐकून घेतलं. आजकालची मुलं वाद घालतात, तसा थोडा वादही घातला. ''काका, तिकडे माझं नाव ऐकून कुणी किल्ली परत घेतली तर?'' मी म्हणालो, ''घेणार नाही असं वाटतं. पण घेतलीच, तर लाज त्याला वाटू दे, तुला नको.'' हे वाक्य मला स्वतःला पंचविशीत कुणीतरी सांगायला हवं होतं.

ती गेली. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी गुरुजींचा फोन आला. ते फारसं बोलत नाहीत. म्हणाले, ''पोरीचा निरोप आलाय. गाडीला उशीर झाला, रात्रीचे अकरा वाजले पोचायला. पाऊस होता. घराच्या मालकीणबाई जाग्या होत्या.''

मी विचारलं, ''मग?''

''मग काय. त्यांनीच दार उघडलं.''